दोन डॉक्टरांमधले साडेपाच महिने

गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या हातची भाकरी मोडू लागली. ज्वारी नेहमीचीच होती, मंगळवेढ्याकडची मालदांडी. तरी पिठाची विरी गेली असेल असे समजून मी नवे दळण आणले, पाणी कोमट करून पाहिले, आणि चार दिवसांनी माझ्या लक्षात आले की दोष पिठात नसून हातात आहे. परातीत पीठ मळताना तळव्याचा जोर लागत नव्हता आणि थापताना बोटे पूर्ण उघडत नव्हती. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, आणि वळली तर लवकर सुटायची नाही. साडेनऊ-दहा वाजता हात थोडे सैल पडत, तोवर शाळेतले माझे दोन तास होऊन गेलेले असत. मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वय ४८. खडू हातातून निसटतो हे माझ्या आधी आठवीच्या मुलांनी ओळखले होते.

हे लिहायला बसण्याचे कारण आजार नाही. आजाराला नाव मिळाले आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा संधिवात; औषध चालू आहे, आणि औषधाचा गुणही येतो आहे. मला लिहायचे आहे ते मधल्या साडेपाच महिन्यांविषयी, म्हणजे एका डॉक्टरांच्या दारातून निघून योग्य त्या डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचण्यात गेलेल्या काळाविषयी. त्या काळात माझ्यावर उपचार करणारे सगळेच सज्जन होते आणि मला कोणी फसवले नाही. तरीही माझ्या उजव्या हाताचे जे नुकसान झाले ते याच काळात झाले आणि ते आता भरून येणार नाही.

पहिली भेट अर्थातच आमच्या फॅमिली डॉक्टरांची. बावीस वर्षे आमच्या घरातला प्रत्येक ताप, प्रत्येक जुलाब, सासूबाईंचे शेवटचे आजारपण, सगळे त्यांनी पाहिलेले. त्यांनी बोटे दाबून पाहिली, "बाई, खडू-फळा, घरकाम, पन्नाशीचे वय; होते असे," म्हणाले आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. रक्ताच्या तपासणीत ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे कमी निघाली. ती आपल्याकडे कोणाची कमी निघत नाहीत हा वेगळा प्रश्न आहे, पण काहीतरी सापडले की शोध थांबतो, तसा तो थांबला. चार आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले. गोळ्यांनी दुखणे दबत होते, सूज जात नव्हती, आणि दुखणे दबल्यामुळे मलाही वाटत राहिले की आपण बऱ्या होत आहोत.

या टप्प्यावर मी तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी मागायला हवी होती. मी ती मागितली नाही, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या माणसाने रात्री दोन वाजता आपल्या सासूबाईंसाठी दार उघडले, त्याला "मला दुसऱ्या कोणाकडे पाठवा" असे म्हणणे म्हणजे त्याच्या ज्ञानावर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत असते. डॉक्टरांच्या बाजूनेही एक अवघडलेपण असते, कारण त्यांनी आपणहून चिठ्ठी दिली तर पेशंटच्या मनात लगेच पाल चुकचुकते. आमच्या स्टाफरूममध्ये तर "चिठ्ठी दिली म्हणजे कट आलाच" हे वाक्य कोणीही सहज बोलून जाते. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेण्यास आणि देण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंदी घातलेली आहे, आणि कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता. पण लोकांच्या मनातला संशय गेलेला नाही. त्यामुळे होते असे की प्रामाणिक डॉक्टर चिठ्ठी द्यायला संकोचतो आणि भिडस्त पेशंट ती मागायला संकोचतो, आणि या दोन संकोचांमध्ये माझा नोव्हेंबर संपला.

डिसेंबरमध्ये एका सहकारी शिक्षिकेच्या सांगण्यावरून मी परस्पर हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढले, ते स्वच्छ आले, आणि "हाडे ठीक आहेत" हे ऐकून मी आनंदाने घरी आले. या आजारात सुरुवातीच्या काही महिन्यांत एक्स-रे स्वच्छ असणे हे आजार नसल्याचे लक्षण नव्हे, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. मेणाचा शेक आणि बोटांचे व्यायाम यांत आणखी महिना गेला.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला लहानपणापासून माझा एकही खंड नाही. या वर्षी संमती कट्ट्याजवळ उभी राहून मी अक्षता उधळायला गेले, तर त्या उधळल्या गेल्याच नाहीत. अर्धवट उघडलेल्या मुठीतून त्या माझ्याच पायांवर सांडल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातातल्या थोड्या अक्षता माझ्या बाजूने टाकल्या. त्या गर्दीत मला रडू आले, आणि दुसऱ्या आठवड्यात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी बंद झालेले रस्ते खुले झाल्यावर, मी एका फिजिशियनची वेळ घेतली.

फिजिशियनांनी प्रथमच "सकाळी आखडणे किती वेळ टिकते?" हा प्रश्न विचारला. तासाभराहून अधिक असे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि आरए फॅक्टर (संधिवातासाठीची) व ईएसआर (दाह मोजणारी) या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. ईएसआर ६२ आला, म्हणजे शरीरात कुठेतरी जोराचा दाह चालू होता. पण आरए फॅक्टर निगेटिव्ह आला. "मग संधिवात दिसत नाही," असे म्हणून ते थांबले, थोडा विचार करून म्हणाले, "तरी एकदा संधिवाततज्ज्ञांना दाखवून घ्या." ही चिठ्ठी मला जानेवारीच्या अखेरीस मिळाली. माझे दुखणे सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते.

ती चिठ्ठी माझ्या फायलीत अजून आहे. तिच्यावर माझे नाव, वय आणि एक ओळ आहे: सांधेदुखी, कृपया तपासावे. दुखणे केव्हा सुरू झाले, कोणते सांधे सुजले आहेत, ईएसआर किती आला, कोणती औषधे देऊन झाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम किती तातडीचे आहे, यांपैकी काहीच तिच्यावर नाही. शाळेत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पाठवलेल्या मुलाच्या हातीही आम्ही याहून अधिक मजकूर देतो. मी हे थट्टेने लिहीत नाही. त्या चिठ्ठीवर "तीन महिन्यांहून अधिक काळ सूज, ईएसआर ६२, लवकर पाहावे" एवढे आठ-दहा शब्द असते, तर पुढच्या दारावर बसलेल्या माणसाला माझे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे हे कळले असते.

पुढचे दार कोणते, हे सोलापूरकराला सांगावे लागणार नाही. आपल्या शहरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठी खासगी व सहकारी रुग्णालये आहेत, आणि धाराशिवपासून विजापूर-कलबुर्गीपर्यंतची माणसे उपचारांसाठी इथे येतात. कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या बाकावर मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वेळी ऐकू येते. परंतु काही विशिष्ट आजारांचे तज्ज्ञ पुण्याहून किंवा हैदराबादहून महिन्यातून ठरावीक दिवशी येतात, आणि त्यांचे नाव व तारीख दवाखान्याच्या काचेवर चिकटवलेली असते. मला ज्यांच्याकडे जायचे होते ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येत. त्यांची नावनोंदणी एक तारखेला, सकाळी दहा ते अकरा या वेळात, फोनवर.

फेब्रुवारीच्या एक तारखेला मी दहा वाजल्यापासून फोन लावत होते. दहा वाजून पन्नास मिनिटांनी तो लागला, आणि पलीकडचे कंपाउंडर म्हणाले, "मॅडम, या महिन्याचं फुल्ल झालं. पुढच्या एक तारखेला लावा." मी म्हटले, आत्ताच पुढच्या महिन्यासाठी लिहून घ्या. त्यावर ते म्हणाले की पुढच्या महिन्याची वही पुढच्या महिन्यात उघडते. या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. याद्या न उघडल्यामुळे प्रतीक्षा दिसत नाही एवढेच. ती नाहीशी होत नाही, घरोघरी विखुरलेली राहते. माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तज्ज्ञाची वाट पाहण्यावरून तोही चिडलेला असतो. पण तिथे चिठ्ठी लिहिल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांची मर्यादा ठरवलेली आहे आणि ती किती जणांच्या बाबतीत मोडली हे दर महिन्याला जाहीर होते. माझे आठवडे मोजणारे मी आणि घरातले कॅलेंडर एवढेच होतो.

मार्चच्या एक तारखेला फोनचा भरवसा न धरता मी स्वतः दवाखान्यात जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून आलेल्या एक बाई होत्या. वय माझ्याएवढेच असावे. दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला कलंडलेली. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईची बोटे अशी झाली म्हणजे काय झाले, हे सोलापुरात कोणालाही समजेल. त्या म्हणाल्या, "अक्का, मला चार वर्षं झाली. आधी गावठी औषध केलं, मग इंजेक्शन घेत होते गुडघ्यात, आता कोणी म्हणालं हे डॉक्टर पुण्याचे आहेत." त्यांचा नंबर एकोणतिसावा लागला, माझा तिसावा, आणि माझ्यानंतर वही मिटली. आम्ही दोघी लॉटरी लागल्यासारख्या बाहेर आलो. शनिवारी संध्याकाळी फोन आला की डॉक्टरसाहेबांना परिषदेला जावे लागत असल्यामुळे उद्याची ओपीडी रद्द झाली आहे आणि सर्वांनी एप्रिलच्या एक तारखेला पुन्हा नाव नोंदवावे. आधीच्या तीस जणांना एप्रिलमध्ये प्राधान्य द्याल का, असे मी विचारले. "तसं काही सिस्टीममध्ये नाही मॅडम," असे उत्तर आले.

त्या रात्री प्रथमच मी या आजाराविषयी नीट वाचायला बसले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण ढोबळपणे संधिवात किंवा आमवात म्हणतो, त्यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट अधिक होतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही तो असू शकतो आणि त्यासाठी अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी असते. लक्षणे दिसू लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरचे औषध सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते, असे या विषयातल्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि सूज असलेल्या रुग्णाला तज्ज्ञाने लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत पाहावे, असेही त्यांत म्हटले आहे. मी पाच महिने पूर्ण करत होते. कोणत्याही डॉक्टरांनी मला "थांबू नका" असे म्हटले नव्हते. "दाखवून घ्या" असे म्हटले होते, आणि मराठीत "दाखवून घ्या" हे आपण जमेल तेव्हा करायच्या कामाबद्दल म्हणतो.

पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञांची वेळ मोबाइलवरच्या ॲपमधून मिळाली, तीही कोणीतरी रद्द केलेली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. जाण्याआधी मी फिजिशियनांच्या रुग्णालयात माझ्या नोंदींच्या प्रती मागायला गेले. काउंटरवरच्या मुलीने "पुढच्या आठवड्यात बघू" असे म्हटले, तेव्हा मी तिला शांतपणे सांगितले की रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्यात असा नियम त्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे. ती आत गेली आणि वीस मिनिटांत प्रती घेऊन आली. इतक्या महिन्यांत माझ्या शब्दाने हललेली ही एकमेव गोष्ट.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही पुण्याला गेलो. ॲपवर वेळ १२ वाजून २० मिनिटांची होती. आत जायला पावणेपाच वाजले. मिनिटांपर्यंत वेळ छापून चार तास बसवण्यापेक्षा "दुपारी या" असे सांगितलेले बरे, असे माझे मत आहे. निदान माणूस जेवून तरी येतो. पण आत गेल्यावर मात्र त्या डॉक्टरांनी घाई केली नाही. खांदे, कोपरे, मनगटे, बोटांचे सांधे आणि गुडघे असे अठ्ठावीस सांधे त्यांनी एकेक करून दाबले, कुठे सूज आणि कुठे दुखणे हे वेगवेगळे लिहिले, आणि तिथल्या तिथे नवा एक्स-रे काढायला पाठवले. मग डिसेंबरची फिल्म आणि आजची फिल्म त्यांनी उजेडाच्या पाटीवर शेजारी लावली. उजव्या तर्जनीच्या मुळाशी हाडाची कड डिसेंबरमध्ये अखंड होती. आता तिथे उंदराने कुरतडल्यासारखा एक बारीक खळगा होता.

"हे भरून येईल का?" मी विचारले.

"हे येणार नाही. पुढचे होऊ नये यासाठी आपण औषध देऊ," ते म्हणाले. मग त्यांनी "कधीपासून त्रास आहे?" असे विचारले, मी ऑक्टोबर म्हटले, आणि त्यांनी ते लिहून त्याखाली रेघ ओढली. बोलले काही नाहीत.

परतीची हुतात्मा अर्थातच चुकली. स्वारगेटवरून रात्रीची एसटी धरून पहाटे घरी पोहोचलो. अँटी-सीसीपी तीन दिवसांनी पॉझिटिव्ह आली. मेथोट्रेक्सेट हे मूळ आजारावरचे औषध सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या व छातीचा एक्स-रे करावा लागतो. त्यात आणखी आठवडा गेला. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. माझ्या पहिल्या पाकिटावर दुकानदाराने सवयीने "रोज १" असे लिहिले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन वेळा बजावले होते म्हणून मी वाचले. साडेपाच महिन्यांत मला कोणी न सांगितलेल्या गोष्टींच्या मानाने त्या माणसाने पंचवीस मिनिटांत जेवढे सांगितले, त्यासाठी चार तास बसणे मला आज महाग वाटत नाही.

तज्ज्ञ कमी आहेत हे मला समजते. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमडीची तीन, मग पुढच्या विशेष शिक्षणाची आणखी तीन, एवढे करून तयार झालेली माणसे प्रत्येक जिल्ह्यात असतील अशी अपेक्षा मी करत नाही. महिन्यातून एका रविवारी अडीचशे किलोमीटर येऊन तीस पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. माझा राग असा आहे की एका डॉक्टरांचे काम चिठ्ठी लिहून संपते, दुसऱ्यांचे काम पेशंट समोर बसल्यावर सुरू होते, आणि मधल्या काळात पेशंट कोणाचाच नसतो. फिजिशियनांनी एखाद्या संधिवाततज्ज्ञांना दोन मिनिटांचा फोन केला असता तर अँटी-सीसीपी जानेवारीतच झाली असती. कदाचित त्यांनी विचारून औषधही सोलापुरातच सुरू केले असते, आणि तज्ज्ञांची भेट पुढे केव्हाही झाली असती. तज्ज्ञ वाढायला वर्षे लागतील, पण फोन करायला आणि पाच ओळी लिहायला कोणती वर्षे लागतात?

एप्रिलमध्ये मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे पुण्याचे कागद घेऊन गेले. जाताना मला उगीचच अपराधी वाटत होते. त्यांनी सगळे कागद वाचले, दोन्ही फिल्म खिडकीकडे धरून पाहिल्या, आणि म्हणाले, "बाई, हे माझ्या लक्षात यायला हवे होते." बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून असे वाक्य मी ऐकले नव्हते आणि मला काय बोलावे ते सुचेना. मग त्यांनी दर महिन्याच्या रक्त तपासणीच्या तारखा स्वतःच्या डायरीत लिहून घेतल्या आणि पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. आता माझे रिपोर्ट तेच तिकडे पाठवतात.

औषधाचा गुण आठव्या आठवड्यापासून दिसू लागला. सकाळचे आखडणे वीस मिनिटांवर आले आहे. खडू धरता येतो. भाकरी थापता येते, मात्र लहान, आणि उजवी तर्जनी बाजूला ठेवून.

जून महिन्यात एका सकाळी, जिथे मी मार्चमध्ये नाव नोंदवले होते त्या सोलापुरातल्या दवाखान्यातून फोन आला. "मॅडम, तुमचं नाव मार्चच्या यादीत होतं ना, या रविवारी एक जागा झालीये. येता का?" मी म्हटले, माझे उपचार सुरू झाले आहेत, पण माझ्या आधी एकोणतिसाव्या नंबरवर कुंभारीच्या एक बाई होत्या, विडी वळणाऱ्या, त्यांना ही जागा द्या. पलीकडे वहीची पाने उलटल्याचा आवाज आला. "त्या एप्रिलमध्ये आल्या नाहीत," ते म्हणाले, "मेमध्येही नाही." त्यांना फोन करून पाहिला का, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की त्या नावापुढे नंबर लिहिलेला नाही.